चार खोल्यांच्या डाव्या बाजू

मी तीस वर्षं हायस्कूलात चित्रकला शिकवली. दर जूनला पहिल्या तासाला फळ्यावर रंगचक्र काढायचं, कुठला रंग कुणाशेजारी शोभतो ते सांगायचं आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य टाकायचं, की चांगल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना डोळ्याला ठेच लागता कामा नये. वर्गात हे वाक्य खपून जायचं. स्टाफरूममध्ये मात्र गणिताचे सर कप खाली ठेवून म्हणायचे, "मास्तर, काल तुमच्या घरावरनं आलो. ठेच कसली, डोळ्याला फ्रॅक्चर झालं." सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्यांचं काही चुकत नव्हतं. आमचं घर समोरून पाहिलं तर डावीकडं मोतिया आणि उजवीकडं पोपटी होतं. दोन्हींच्या मधे खांब नाही, नक्षी नाही. पुढच्या दाराच्या बरोबर मध्यातून एक रेघ सरळ गच्चीपर्यंत गेलेली, अलीकडं माझा रंग आणि पलीकडं धाकट्या भावाचा. दाराला दोन फळ्या. डावी माझी, तिला चॉकलेटी. उजवी त्याची, तिला हिरवा. एसटीचा कंडक्टरसुद्धा "दोन रंगाचं घर, चला उतरा" म्हणून बेल मारायचा.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात मोडतं, पण ओढा ओलांडला की सांगली जिल्हा लागतो. निम्म्या गावाची शेती अलीकडं आणि निम्म्याची पलीकडं. एकाच बांधावरचा ऊस दोन जिल्ह्यांतल्या दोन कारखान्यांना जातो. त्यामुळं हद्द म्हणजे काय हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

घर वडिलांनी बांधलं. एकामागं एक चार खोल्या: पुढं सोपा, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी. सगळी दारं एका ओळीत. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या दारातला शेवगा दिसतो. भाऊ पलटणीतून पेन्शनवर घरी आला आणि दोन सुनांच्या चुली वेगळ्या व्हायची वेळ आली, तेव्हा कुठल्याही शहाण्या माणसानं दोन खोल्या एकाला आणि दोन दुसऱ्याला दिल्या असत्या. पण वडील गावात निवाडे करणारे. पुढच्याला रस्ता मिळणार, मागच्याला विहीर मिळणार, म्हणजे कुणावर तरी अन्याय होणारच. म्हणून त्यांनी गवंड्याकडून दोरी मागवली, पुढच्या दाराच्या मध्यापासून मागच्या दाराच्या मध्यापर्यंत ताणली आणि चारही खोल्या उभ्या कापल्या.

तेव्हापासून माझं घर म्हणजे चार खोल्यांच्या डाव्या बाजू. स्वयंपाकघरात दोन ओटे, एक डाव्या भिंतीला आणि एक उजव्या. दोघी जावा एकमेकींकडं पाठ करून भाकरी थापायच्या. सोप्यातल्या पंख्याला तीन पाती होती. एक माझ्या रंगाचं, एक त्याच्या रंगाचं. तिसऱ्याचा निकाल न देताच वडील वारले, त्यामुळं ते आहे तसं पांढरं राहिलं.

खरं तर वडिलांना दोरीवर भिंतच घालायची होती. विटासुद्धा सांगून झाल्या होत्या. तेव्हा आई आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढं उभी राहिली. "मी जित्ती हाय तवर ह्या घरात मधी भिंत न्हाई. घालायचीच असंल तर माज्यावरनं घाला." वडील गावात कुणाला भ्यायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, मग निदान रंग तरी वेगळा द्या. रंगारी चाचा आले. दोन डबे, दोन ब्रश. भिंतींवर दोन रंग आणि फरशीवर ऑइलपेंटची बोटभर लाल रेघ. भिंतीचं काम रंगानं निभावलं.

आईची सोयही त्याच हिशोबानं झाली. एक महिना माझ्याकडं, एक महिना धाकट्याकडं. आमच्या भागात पुष्कळ घरांतली म्हातारी माणसं अशी महिन्यांनी वाटलेली असतात. कुणाची आई पिशवी घेऊन वडूजहून फलटणला जाते आणि महिन्यानं परत येते. आमची आई फक्त चार फूट सरकायची. सोप्यात तिची कॉट होती. एक तारखेला आम्ही दोघं भाऊ दोन बाजू धरून ती रेघेपलीकडं ठेवायचो आणि आई उशी काखेत घेऊन बाजूला उभी राहायची. रेघ ओलांडली की तिचा चहा बदलायचा, आमटीचं तिखट बदलायचं आणि टीव्हीवरची मालिकाही बदलायची. आमच्याकडच्या मालिकेत एखादी सून घराबाहेर काढली गेली, तर ती परत आली का नाही हे आईला महिनाभर कळायचं नाही.

मला यात काहीही वावगं वाटत नव्हतं. उलट अभिमान होता. गावात भावाभावांची तोंडं बघायची पंचाईत, आणि आम्ही एका पंख्याखाली बसतो, हे मी चारचौघांत सांगायचो. दिवाळीला रंग द्यायचा तेवढीच काय ती चढाओढ. मी मधल्या खोलीला फिकट आकाशी दिला की धाकटा गुलाबी देणार. मी त्याला रंगसंगती समजावून सांगायला जायचो. तो पलटणीतल्या सवयीनं ताठ उभा राहून सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "दादा, तुजं बराबर हाय. पर माज्या बाजूला गुलाबीच."

ही सगळी शिस्त मोडली माझ्या मुलीनं. ती पुण्यात फ्लॅटची आतली सजावट करून देणाऱ्या ऑफिसात काम करते. हे वेड तिला माझ्याकडूनच गेलं, त्यामुळं तक्रार करायला मला तोंड नाही. गणपतीला आली, पुढच्या दारात उभी राहिली आणि शेवग्यापर्यंत नजर टाकून म्हणाली, "पप्पा, चार खोल्या आणि आठ रंग. तुम्ही चित्रकलेचे मास्तर ना?" हे दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी हसून घालवलं असतं. पोटच्या पोरीनं म्हटल्यावर मात्र मला लागलं.

पुढच्या खेपेला ती रंगांचं कार्ड घेऊन आली. पुस्तकासारखं जाड, पानोपानी रंगाचे चौकोन. आम्ही सगळे सोप्यात बसलो, आपापल्या बाजूला. तिनं आम्हाला पटवायला फार हुशारीनं सुरुवात केली. "काका, गुऱ्हाळात काय होतं? रस उकळत जातो तसा गडद होत जातो. आपल्या घराचं तसंच करायचं. पुढं सोप्याला रस, मधल्या खोलीला त्याहून थोडा दाट, स्वयंपाकघराला अजून दाट आणि पडवीला गूळ. सगळे एकाच घराण्यातले रंग. दारातून बघितलं की नजर कुठं अडकायची नाही." धाकट्याचा सगळा जीव उसात. तो तिथंच विरघळला. तरी पलटणीतला माणूस, तपासणी केल्याशिवाय सही करणार नाही. त्यानं चष्मा लावून सोप्याच्या चौकोनाखालचं इंग्रजी नाव तिच्याकडून मराठीत समजून घेतलं. "वाळवंटातली संध्याकाळ? मी जैसलमेरला तीन वर्षं काढलीत. तिथली संध्याकाळ असली नसती."

"काका, ते नुसतं नाव असतंय हो."

"मग ठीक हाय. पर खोटं नाव हाय एवढं ध्यानात ठेव."

आई खाली बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "रंग येक झाला तर कुणाचं कंचं, ह्ये कळायचं कसं?"

मुलीनं तिच्या गळ्यात हात टाकला. "आज्जी, आता कळायची गरजच काय? सगळ्यांचं एकच."

आईनं हातातली पाकळी खाली ठेवली. "तुजं लगीन व्हायचंय अजून," एवढंच म्हणाली आणि पुन्हा लसणाला लागली. आम्ही सगळे खूप हसलो.

रंगारी चाचांना बोलावलं तेव्हा तेही गोंधळले. "मास्तर, बावीस वर्षं झाली, ह्या घरात मी दोन ब्रश घेऊन येतो. आन आज एकच म्हणता?" एकच, म्हटलं. मुलीनं सुट्टी काढून उभ्यानं काम करून घेतलं. फरशीवरची लाल रेघ तिनं स्वतः टर्पेंटाइन आणि पत्र्यानं खरवडून काढली. पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या एका रंगाच्या झाल्या. पंख्याची तीन पाती एक झाली. दहा दिवसांनी मी पुढच्या दारात उभा राहिलो. सोपा उसाच्या रसासारखा फिकट, त्यामागं जरा पिवळसर, त्यामागं तांबूस, शेवटी गुळाची ढेप, आणि त्या सगळ्याच्या टोकाला हिरवा शेवगा. माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरानं माझी बाजू घेतली होती.

आठवडाभर माणसं बघायला येत होती. गणिताचे सरही आले. त्यांनी भिंतीवरनं बोट फिरवलं, मागच्या दारापर्यंत जाऊन आले आणि फ्रॅक्चरचं नाव न काढता बसले. बायकोला मी त्यांच्यासाठी मुद्दाम दुसऱ्यांदा चहा करायला लावला. मुलगी खुशीत पुण्याला परत गेली.

आठव्या दिवशी माझ्या बायकोनं सोप्यातून मधल्या खोलीत जायच्या दारावर घड्याळ लावलं. नवीन रंगावर जुनं घड्याळ शोभत नव्हतं म्हणून कराडहून नवीन आणलं होतं. धाकटा शेतातून आला, पाणी प्याला, घड्याळाकडं बघितलं, आत गेला, परत बाहेर आला आणि पुन्हा बघितलं.

"दादा, ह्ये घड्याळ माज्यात आलंय."

"कशावरनं?"

आम्ही दोघांनी फरशीकडं पाहिलं, तर तिथं काहीच नव्हतं. त्यानं टेप आणला. सोप्याची रुंदी मोजली, निम्मी केली आणि दारावर पेन्सिलीनं खूण केली. घड्याळाचा खिळा त्याच्या बाजूला चार बोटं निघाला. मी म्हणालो, वडिलांनी दोरी दाराच्या मध्यातनं ताणली होती, भिंतीपासून मोजली नव्हती. त्यानं दाराचा मध्य काढला, भिंतींचा मध्य काढला आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. दार मुळातच खोलीच्या मध्यावर नव्हतं. गवंड्यानं बांधतानाच ते उजवीकडं सरकवलं होतं.

"म्हंजे इतकी वर्सं माजी चार बोटं तुज्याकडं हायती," तो म्हणाला. "चारी खोल्यांत."

मला हसू आलं. मग आलेलं हसू मी गिळलं, कारण तो हसत नव्हता. मग मलाही राग आला. मी आत जाऊन फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी गुण्या काढला. निवृत्त होताना शाळेनं तो मला आठवण म्हणून दिला होता. तो कोपऱ्याकोपऱ्यात लावून बघितला, तर आमच्या घरातला एकही कोपरा काटकोनात नव्हता. जो कोपरा त्याच्या बाजूनं बोलायचा तो त्याला खरा वाटायचा, आणि जो माझ्या बाजूनं बोलायचा तो मला. साठीला टेकलेली दोन माणसं दुपारभर घरात रांगत होती.

रेघ होती तोवर दोघी जावा आपापल्या बाजूनं रेघेपर्यंत झाडायच्या. आता आपलं थोडं राहिलं तर बोलणी खावी लागतील, आणि दुसरीचं थोडं झाडलं गेलं तर तेवढी जागा आपली म्हणून झाडली असा अर्थ निघेल. दोघी हातभर आधीच थांबायला लागल्या. चार खोल्यांच्या मधोमध, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, धुळीचा एक पट्टा तयार झाला. पूर्वी रेघेवरनं कालवणाच्या वाट्या जायच्या. इकडची आमटी तिकडं, तिकडचं मटण इकडं. आता वाटी ठेवायची कुठं हेच कळेना, म्हणून वाट्या बंद झाल्या. पंख्याचं तर विचारूच नका. तिसरं पातं रंगवताना आपल्याला विचारलं नव्हतं, हे धाकट्याला चार आठवड्यांनी आठवलं.

मग एक तारीख आली. आईला त्याच्याकडं सरकवायचं होतं. आम्ही दोघांनी कॉट उचलली आणि कुठवर न्यायची यावर अडलो. तो म्हणत होता अजून थोडी, मी म्हणत होतो बास. तो म्हणाला, हितं ठेवली तर आई माज्याकडं जेवती आन तुज्याकडं झोपती असं हुतंय. आई उशी काखेत घेऊन उभी होती. किती वेळ झाला हे माझ्या लक्षातच नव्हतं. शेवटी माझी बायको ओरडली, "आवं, त्यास्नी बसू तरी द्या!" आम्ही कॉट होती तिथंच, धुळीच्या पट्ट्यावर ठेवली.

त्या संध्याकाळी आम्ही भिंत घालायचं ठरवलं. कुणी कुणाला शिवी दिली नाही. दोघंही अगदी शहाण्यासारखे बोललो. असं रोज रोज होण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे, असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली. आज मला त्या शहाणपणाचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गवंडी बघायला आला. वीट चार इंची, म्हणजे दोन इंच माझ्यातनं आणि दोन इंच त्याच्यातनं, हे लगेच ठरलं. चार बोटांचा वादसुद्धा गवंड्यानं मिटवला; दोन बोटं सोडा, दोन बोटं धरा. निम्म्या विटा माझ्या अंगणात आणि निम्म्या त्याच्या अंगणात उतरल्या. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी एका बाकावर बसलो. तेव्हा गवंड्यानं विचारलं, "भिंत दाराच्या मदोमद येनार. मग म्हातारी ह्या म्हैन्याची त्या म्हैन्यात जानार कशी?"

बाहेरनं, मी म्हणालो. माझ्या फळीतनं बाहेर, तीन पायऱ्या खाली, मग तीन पायऱ्या वर, त्याच्या फळीतनं आत. बोलता बोलता मला आठवलं, की गेल्या दोन वर्षांत आई त्या पायऱ्या एकदाही उतरली नव्हती. तिचे गुडघे गेले होते. तिचं जग म्हणजे घरातलं घरात, पुढच्या दारापासून शेवग्यापर्यंत. आता तिला एका वेळी त्यातलं निम्मंच मिळणार होतं. धाकट्यालाही हे सुचलं असावं, कारण तो म्हणाला, मग भिंतीत एक दार ठेवू, आईपुरतं. मला बरं वाटलं. मग त्यानं विचारलं, कडी कुणाच्या बाजूला? आणि खरं सांगतो, आम्ही दोघं आणि गवंडी, तिघं मिळून कडीवर अर्धा तास बोललो. दोन कड्या लावाव्यात, दोन्हीकडनं एकेक, असं शेवटी माझ्याच डोक्यातनं निघालं.

आई आत कॉटवर बसून हे ऐकत होती. दार उघडं होतं. मी वाट बघत होतो की ती आता उठेल, 'माज्यावरनं घाला' म्हणेल. ती उठली नाही. मला भीती वाटली.

काम सुरू व्हायच्या दिवशी गवंडी दहाला येणार होता. नवाला रंगारी चाचा आले, शिडी घेऊन.

"चाचा, तुम्हाला कुणी बोलावलं?"

"आक्कांनी." चाचा आईला आक्का म्हणायचे. त्यांनी शिडी सोप्याच्या भिंतीला लावली. नंतर कळलं, की धाकट्या जावेनं तिच्या मोबाइलवरनं फोन लावला होता आणि नंबर माझ्या बायकोनं सांगितला होता. दोघींनी महिन्याभरात एकमेकींशी केलेलं ते पहिलं काम.

आई कॉटवरनं उठून आमच्यासमोर उभी राहिली. एक हात कॉटवर टेकलेला. "थोरल्या, धाकट्या, हिकडं या दोगं. वाटणी केली तवा तुमच्या बापानं मला कुटं धरलं हुतं?"

धाकटा गडबडला. "अगं आई, समदं तुजंच हाय की."

"समदं माजं हाय आन मला दर म्हैन्याला सरकाया लागतंय व्हय?" तिचा आवाज चढला नव्हता. "मला वाटणी मिळाली न्हाई. तिगांत करा. माजी मधली. तिच्या हिकडं तुजं, तिकडं त्याचं. भिंत घालायची तर घाला, पर माज्या जाग्यात पाय ठेवायचा न्हाई."

मी मास्तर माणूस. मी तिला समजावून सांगायला तोंड उघडलं, की कायद्यानं असं असं असतं, आणि मग लक्षात आलं की कायद्यानंही तिचंच बरोबर आहे.

चाचांनी विचारलं, "आक्का, रंग कंचा?"

"कंचा बी चालंल. ह्या दोगांचा नसला म्हंजे झालं."

चाचांकडं अर्धा डबा निळा होता. उसाचा हंगाम तोंडावर आला की ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतात, त्यातला उरलेला. तो निळा घरात लावायचा निळाच नव्हे. एक मैलावरनं दिसावा म्हणून केलेला. माझ्या डोळ्यांपुढं मुलीचा रसापासून गुळापर्यंतचा सगळा ओघ आला, आणि त्याच्या मधोमध, भिंतीवरनं खाली, फरशीवरनं मागच्या दारापर्यंत, ट्रॉलीचा निळा.

"आन रुंद किती मारू?" चाचांनी टेप काढला.

आईला इंचांत सांगता येईना. ती हाताचा अंदाज करत राहिली, मग तिला ते पटेना. तिनं पदर कमरेला खोचला, कॉटचा आधार घेत गुडघे दाबत दाबत खाली बसली आणि त्या धुळीच्या पट्ट्यावर सरळ आडवी झाली. डोकं मागच्या दाराकडं, पाय पुढच्या दाराकडं. हात अंगालगत घेतले. "हां," ती खालून म्हणाली, "आता हितनं हितवर."

चाचा खडू घेऊन वाकले आणि तिच्या दोन्ही बाजूंनी रेघा मारायला लागले, तिच्या बांगडीला खडू लागू न देता. दोन्ही जावा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. अंगणात गवंड्याच्या सायकलची घंटा वाजली.

धाकटा म्हणाला, "चाचा, जरा मोटी घ्या. कूस बदलाय नको का तिला? माज्यातली चार बोटं घ्या."

"माझ्यातली सहा घ्या," मी म्हणालो.

"मग माजी बी सहा. दादा, तू जास्ती द्यायचं कारन न्हाई."

"मी थोरला आहे. मी वीतभर देणार."

आम्ही खरंच भांडायला लागलो. धाकट्यानं टेप हिसकला. मी गुण्या आणायला निघालो. चार बोटांसाठी महिनाभर अबोला धरलेले आम्ही दोघं, आता कोण जास्त सोडतो यावरनं एकमेकांच्या अंगावर ओरडत होतो, आणि आमच्या मधे आमची आई फरशीवर आडवी पडलेली होती.

"नको रं," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "हुबं ऱ्हावा गप. तुमी ल्हान हुता तवा एकाच घोंगड्यावर झोपायचा. ह्यो हिकडनं लाथ मारायचा, तू तिकडनं. मी मधी एवढ्यातच निजायची." तिनं दोन्ही हात जरासे बाहेर सरकवून खडूच्या रेघा चाचपल्या. "मावते मी."